शोची आठवण परतीच्या गाडीतच लिहा : सांगली-मिरज-साताऱ्याहून रॉक शो बघायला जाणाऱ्यांसाठी

नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममधून शो बघून निघालेला मुंबईकर तासा-दीड तासात घरी पोचतो आणि आडवा होतो. सांगली-मिरजेच्या माणसाला कळंबोली गाठून रात्रीची गाडी धरावी लागते आणि पुढचे सहा-सात तास सीटवर काढावे लागतात. हा वेळ बहुतेकांचा झोपेत नाहीतर व्हिडिओ फॉरवर्ड करण्यात जातो. आवडत्या बँडचा शो पुढे वीस वर्षांनी नीट आठवायला हवा असेल, तर सगळ्यात मोलाचा वेळ तोच आहे. म्हणून इथे जे सांगितलंय ते सगळं या सहा-सात तासांच्या भोवती आहे.

एवढी घाई कशाला, तर आठवण खात्रीने चुकते आणि चुकली आहे हे आपल्याला कळत नाही. १९८६ साली चॅलेंजर यानाचा स्फोट झाला. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उल्रिक नाइसर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांकडून 'ही बातमी कुठे आणि कशी कळली' हे लिहून घेतलं. अडीच-तीन वर्षांनी निकोल हार्श आणि त्याने त्यांनाच पुन्हा विचारलं. अनेकांनी वेगळीच जागा, वेगळीच माणसं सांगितली, तीही ठामपणे. स्वतःच्या हस्ताक्षरातला कागद समोर ठेवला तरी मूळ आठवण परत आली नाही. शोच्या बाबतीत तर दुसऱ्या दिवसापासून दुसऱ्यांनी काढलेले व्हिडिओ आपल्या डोक्यात शिरायला लागतात. आपण उभे होतो उजवीकडे मागे, आणि महिन्याभराने 'आठवतं' ते पहिल्या रांगेतून दिसलेलं. हे व्हायच्या आत लिहून झालं पाहिजे.

निघण्याआधी

परतीची गाडी आधी ठरवा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे उघड्यावर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक चालत नाहीत. वर्षातल्या मोजक्या दिवसांना सरकार १२ पर्यंत सूट देऊ शकतं, पण मोठे शो ती गृहीत धरत नाहीत, ते दहाच्या आतच आवरतात. तिथून गर्दीतून बाहेर पडायला तास धरा, रिक्षा-टॅक्सीला अर्धा तास. म्हणजे नेरूळ किंवा कळंबोलीची चढायची वेळ साडेअकराच्या पुढची असेल तीच गाडी घ्या. महालक्ष्मी एक्सप्रेस जाताना उत्तम, कारण रात्री सांगलीतून बसलं की सकाळी सीएसएमटी. येताना तिचा उपयोग नाही, ती शो संपायच्या आधीच मुंबई सोडते. महालक्ष्मी रेसकोर्सवर शो असेल तर कळंबोलीपर्यंत यायला आणखी वेळ लागतो. तेव्हा गाडी दादर किंवा सायनहून पकडता येते का ते बघा.

खिशात मावेल अशी चाळीस पानी वही, दोन पेन्सिली, एक झिप पिशवी आणि पोस्टकार्डाएवढा पुठ्ठ्याचा तुकडा घ्या. पेनापेक्षा पेन्सिल का, तर घामाने, पावसाने शाई पसरते, आणि हलत्या गाडीत वही उभी धरून लिहिलं तर पेन चालत नाही. पुठ्ठा तिकिटासाठी, मागच्या खिशात तिकीट दुमडतं आणि घडीवरची छपाई पहिली जाते. आयोजक 'आत काय नेता येणार नाही' याची यादी देतात, ती पाठीवरची पिशवी आणि पॉवर बँकसाठी वाचा. बाहेर काढून ठेवायला लावलं तर सांगलीच्या माणसाला ते ठेवायला तिथे घर नसतं.

दौऱ्यातल्या आधीच्या शहरांची गाण्यांची यादी बघायची की नाही यावर चाहत्यांमध्ये दोन तट आहेत. आठवणीच्या दृष्टीने न बघितलेली बरी. बँड एका दौऱ्यात साधारण तीच गाणी त्याच क्रमाने वाजवतो, पण दोन-तीन बदलतो. यादी पाठ असेल तर न वाजवलेलं गाणंही वाजल्यासारखं आठवतं. त्याऐवजी दोन आठवडे बँडचे सगळे अल्बम ऐका, विशेषतः नवा. नव्या अल्बममधलं गाणं ओळखता आलं नाही तर त्याची आठवण 'मधे काहीतरी एक वाजलं' एवढीच उरते.

कान

इअरप्लगबद्दल लोक लाजतात. लाजू नका, हा आठवणीचाच भाग आहे. ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, असा कानाच्या सुरक्षेचा अमेरिकेतल्या नायॉश संस्थेचा हिशोब आहे. त्याप्रमाणे १०० डेसिबलला पंधराच मिनिटं उरतात, आणि स्टेजजवळ १०० सहज ओलांडले जातात. अर्ध्या तासात कान दडे बसल्यासारखे होतात आणि मग शेवटची गाणी, म्हणजे ज्यांच्यासाठी आलो तीच, गोधडीतून ऐकल्यासारखी येतात.

मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे प्लग स्वस्त आहेत, पण ते वरचे बारीक आवाज जास्त खातात. सिंबल आणि गाण्याचे शब्द गढूळ होतात. संगीतासाठी बनवलेले, आत फिल्टर असलेले प्लग सगळे स्वर साधारण सारखेच, १५ ते २० डेसिबल खाली आणतात. शक्य असेल तर ते ऑनलाइन आठवडाभर आधी मागवा. फोमचेच असतील तर बोटांत सुरळी करून बारीक करा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने दाबून धरा. 'प्लगचा उपयोगच झाला नाही' म्हणणाऱ्या बहुतेकांनी तो नुसता कानाच्या तोंडाशी खोचलेला असतो.

कुठे उभं राहायचं

पहिली रांग चेहरे बघायला. तिथे आवाज मात्र एकसारखा नसतो. मुख्य स्पीकर दोन्ही बाजूंना टांगलेले असतात आणि त्यांचा मारा तुमच्या डोक्यावरून मागे जातो. समोर मिळतात ते जमिनीवरचे सबवूफर आणि स्टेजवरचा ड्रमचा थेट आवाज. गाणाऱ्याचा आवाज कमी येतो. साउंडवाल्यांचा मंडप जिथे असतो, म्हणजे स्टेजच्या बरोबर समोर मैदानाच्या मधे, तिथे सगळ्यात समतोल ऐकू येतं, कारण मिक्सिंग करणारा माणूस तिथेच बसून ऐकत असतो. त्याच्या कठड्याला पाठ लावून उभे राहा. मागून धक्के येत नाहीत आणि वही काढायला जागा मिळते.

शंभर मीटरच्या मागे गेलात तर आवाज पडद्यावरच्या चित्राच्या जवळपास पाव सेकंद मागे राहतो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. ड्रमरची काठी आधी आपटलेली दिसते आणि ठोका नंतर येतो. म्हणून मोठ्या मैदानात मधे टॉवरवर वेगळे स्पीकर लावतात आणि त्यांचा आवाज मुद्दाम तेवढा उशिरा सोडतात. स्टँडमधलं तिकीट असेल तर अशा टॉवरच्या पुढे नाही, मागे बसा.

जागा ठरली की वहीत लगेच नकाशा काढा: स्टेज, कठडा, मंडप, टॉवर आणि फुलीने तुम्ही. दोन मिनिटांचं काम आहे. आणि बरोबरच्यांशी शोनंतर भेटायची जागा आत्ताच ठरवा, ठळक खुणेची. गर्दीत मोबाइलचं नेटवर्क मरतं, व्हॉट्सॲपचे निरोप दुसऱ्या दिवशी पोचतात.

शो चालू असताना

फोन विमान मोडवर टाका, बॅटरी वाचते. मग प्रत्येक गाणं सुरू झालं की एकच फोटो काढायचा. तो चांगला यायची गरज नाही, स्क्रीनकडे बघायचंही नाही, काढून फोन खिशात. फोटोत घड्याळाची वेळ आपोआप नोंदली जाते. वीस गाण्यांचे वीस फोटो म्हणजे शोचा सांगाडा झाला. कोणतं गाणं कितव्या नंबरला, किती मिनिटं, एन्कोरच्या, म्हणजे शेवटी परत येऊन वाजवलेल्या गाण्यांच्या, आधी किती वेळ थांबले, हे सगळं त्यातून निघतं. जमलं तर वहीत दर गाण्याला एक शब्द: 'पाऊस', 'हिरवा', 'तार तुटली'. वाक्यं लिहीत बसू नका.

व्हिडिओ मोजके. लिंडा हेंकेल यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, संग्रहालयातल्या ज्या वस्तूंचा लोकांनी नुसता फोटो काढला त्यांचे तपशील त्यांना कमी आठवले. पण वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो घेतला तेव्हा आठवण टिकली. लक्ष कुठे आहे यावर सगळं आहे. तेव्हा अख्ख्या शोचं चित्रण करण्याऐवजी दोन किंवा तीन गाण्यांचे तीस-तीस सेकंद घ्या, आणि ते कुठले हे आधी ठरवा.

फोनवरच्या व्हिडिओत बिघडतो तो मुख्यतः आवाज. माइक एवढ्या दाबासाठी नसतो, म्हणून फरफर येते. एकदा फाटलेला आवाज नंतर कुठल्याही ॲपने दुरुस्त होत नाही. कॅमेऱ्यात प्रो व्हिडिओ मोड असेल तर आवाजाची पातळी हाताने खाली आणा. सगळ्यात मोठ्या आवाजालाही मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहायला हवा. तो मोड नसेल तर खालच्या माइकच्या भोकावर कापडी चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावा, थोडा फरक पडतो. फोन आडवा धरताना तळहाताने माइक झाकला जातो, ही नेहमीची चूक. पडद्यावर पट्टे सरकताना दिसत असतील तर शटर १/५० ठेवा. चेहरे पांढरेफटक येत असतील तर चेहऱ्यावर बोट दाबून एक्सपोजर लॉक करा आणि थोडं खाली ओढा. लेझरचा झोत थेट लेन्सवर येऊ देऊ नका, कॅमेऱ्याचा सेन्सर कायमचा जाऊ शकतो. ४के नको, १०८०पी, ३० फ्रेमला मिनिटाला साधारण ६० ते १३० एमबी जातात, तेवढं पुरे.

मुख्य बँडच्या आधी वाजवणाऱ्या बँडचं नाव लिहून घ्या. सगळ्यात जास्त विसरलं जातं ते हेच.

गाडीत: पहिले पाऊण तास

गाडीत बसलात की एकमेकांशी शोबद्दल बोलायचं नाही. हे अवघड आहे, सगळ्यांना बोलायचंच असतं, पण लिहून होईपर्यंत दम धरा. दोघे बोलले की आठवणी मिसळतात आणि कुणाची कुठली ते वेगळं काढता येत नाही. विमान मोड चालूच ठेवा. सेटलिस्ट डॉट एफएमवर यादी रात्रीच चढते, ती बघितली की तुमची स्वतःची यादी संपली.

एका पानावर १ ते २० आकडे घाला. पहिलं गाणं आणि शेवटची तीन आधी भरा, ती पक्की असतात. मग मधली आठवतील तशी. रिकाम्या ओळी रिकाम्याच ठेवा, अंदाजाने भरू नका. फोटोंच्या वेळा अजून बघायच्या नाहीत. यादी झाली की दर गाण्याला तीन गोष्टी: डोळ्यांनी काय दिसलं, कानांनी काय ऐकलं, अंगाला काय जाणवलं. उकाडा, धूळ, पायाखालच्या पत्र्याची थरथर, शेजारच्याच्या जॅकेटचा वास, हे तिसऱ्या रकान्यात. वीस वर्षांनी पहिलं वाचावंसं वाटतं ते हाच रकाना, आणि लोक सोडून देतात तोही हाच.

नंतर, रेकॉर्डपेक्षा वेगळं काय वाजलं ते लिहा. सोलो लांबला का, कडवं गाळलं का, प्रेक्षकांना गायला सोडलं का. वय झालेले गायक अर्धा स्वर किंवा एक स्वर खाली गातात. तुमच्यात कोणी वाजवणारा असेल तर त्याला हे कळतं. गिटार कोणत्या गाण्याला बदलली हेही वाजवणाऱ्यानेच टिपावं, कारण गिटार बहुतेक वेळा ट्यूनिंगसाठी बदलली जाते. मिरजेत सतारमेकर गल्लीच्या आसपास वाढलेली पोरं असतील तर त्यांना हे काम द्या. तंबोऱ्याची जवारी लागताना लहानपणापासून ऐकलेल्या कानाला घसरलेला स्वर लगेच टोचतो.

स्टेजवरचं बोलणं शब्दशः आठवत असेल तरच अवतरणात लिहा. नाहीतर 'असं काहीतरी म्हणाला' असं लिहून आशय द्या. प्रत्येक नोंदीपुढे एक अक्षर घालायची सवय लावा: 'प' म्हणजे पक्कं, 'ब' म्हणजे बहुतेक, 'ऐ' म्हणजे दुसऱ्याकडून ऐकलेलं. सगळ्या वहीत सर्वात कामाची खूण हीच आहे.

गाडीतले दिवे बंद झाले की फोनची स्क्रीन एकदम मंद करून तिच्या उजेडात लिहा. टॉर्चने शेजारचे प्रवासी वैतागतात. मळमळत असेल तर हट्ट करू नका. घाटात कुणालाच लिहिता येत नाही. यादी घाटाआधी, बाकीचं पुण्याच्या पुढे. एक्सप्रेसवेवर गाडी चहाला थांबली की बाजूला जाऊन फोनवर पाच मिनिटं बोलून रेकॉर्ड करा; त्या वेळी घसा बसलेला असतो आणि तो बसलेला आवाजही ठेवण्यासारखा आहे. साताऱ्याच्या माणसाकडे दोन-अडीच तास कमी असतात, आणि पहाटे बॉम्बे रेस्टॉरंट चौकात किंवा वाढे फाट्यावर उतरायचं असल्याने झोपून चालतही नाही. त्याने खंबाटकी घाटाच्या आत लिहिणं संपवावं.

पेठ नाक्याच्या पुढे उजाडायला लागलं की मग सगळ्यांनी वह्या उघडा. आता बोला. जिथे दोघांचं जमत नाही तिथे बहुमत घेऊ नका. तिघे चुकीचे आणि एक बरोबर, असं नेहमी होतं, विशेषतः तो एक जण वेगळ्या जागी उभा असेल तर. दोन्ही म्हणणी लिहा, कोणाचं कोणतं ते नावाने. त्यानंतर फोटोंच्या वेळा काढा, आणि सगळ्यात शेवटी नेटवरची यादी. दुरुस्ती वेगळ्या रंगाने करा, मूळ ओळ खोडू नका.

तिकीट, रिस्टबँड, टी-शर्ट

घरी आल्यावर पहिलं काम तिकिटाचं. आधी ते कसल्या कागदावर आहे ते बघा: कोपऱ्यात नख जोरात ओढा. काळी रेघ उठली तर तो एटीएमच्या पावतीसारखा थर्मल कागद आहे, शाईच नाही, उष्णतेने काळा होणारा लेप आहे. असं तिकीट लॅमिनेट करायला दिलं की मशिनमधून पूर्ण काळं होऊन बाहेर येतं. आपल्याकडे मार्कलिस्टपासून सगळं लॅमिनेट करायची सवय आहे, म्हणून हे मुद्दाम सांगावं लागतं. सेलोटेपनेही लेप विरतो. मऊ, वासाचं पीव्हीसी प्लास्टिकही तसंच; त्यातला तेलकट अंश छपाई खातो. त्याच आठवड्यात ६०० डीपीआयवर दोन्ही बाजू स्कॅन करा, मग पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटात, म्हणजे ज्यावर पीपी किंवा त्रिकोणात ५ लिहिलेलं असतं त्यात, घालून अंधारात ठेवा. एवढं करूनही दहा-पंधरा वर्षांत ते फिकं होईल. तेव्हा स्कॅन हीच खरी प्रत समजा.

तिकीट फोनवर असेल तर ॲपच्या भरवशावर राहू नका. बुकिंगची ईमेल पीडीएफ करून ठेवा, त्यात तारीख, गेट, किंमत सगळं असतं. गेटवर लागणारा क्यूआर दर थोड्या वेळाने बदलणारा असू शकतो, त्यामुळे स्क्रीनशॉट आत जायला चालेलच असं नाही. आठवणीसाठी मात्र तो चालतो.

कापडी रिस्टबँड दात लावून ओढू नका. छापलेल्या मजकुराच्या विरुद्ध बाजूला, लॉकच्या अगदी शेजारी कात्रीने कापा. कोमट पाणी, अंगाच्या साबणाचा थोडा फेस, पिळायचं नाही, सावलीत सपाट वाळवायचं. घामाचं मीठ आत राहिलं तर वर्षाभरात पिवळे डाग येतात. आतमध्ये पैसे भरायची चिप असेल तर कापण्याआधी उरलेली रक्कम परत मागून घ्या, त्याला मुदत असते. कोल्डप्लेच्या दौऱ्यात हातावर देतात ते लुकलुकणारे पट्टे मात्र परत द्यायचे असतात, पुढच्या शोला तेच वापरले जातात. फोटो काढा आणि परतीच्या डब्यात टाका.

टी-शर्टवरची जाड छपाई प्लास्टिसॉलची असते आणि उष्णतेने मऊ होते. उलटा करून थंड पाण्यात धुवा, छपाईवर इस्त्री नको, सावलीत वाळवा. जपून ठेवायचा असेल तर घडीत छपाईवर छपाई येऊ देऊ नका, मधे बटर पेपर घाला. एप्रिल-मेमध्ये सांगलीतलं पत्र्याचं कपाट एवढं तापतं की दोन थर एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना निघून येतात.

स्टेजवरून मिळालेला गाण्यांचा कागद असेल तर त्यावरची काळी गॅफर टेप ओढून काढू नका, कागदाचा थर निघतो. टेपसकट ठेवा. मागे बटर पेपर लावा, म्हणजे गोंद दुसऱ्या कशाला चिकटणार नाही.

हे सगळं ठेवायचं कुठे, याचं उत्तर सांगलीत वेगळं आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तळमजल्यावरच्या घरात असाल तर डबा खालच्या कप्प्यात नको, माळ्यावरही उन्हामुळे नको. पहिल्या मजल्यावर आतल्या भिंतीच्या कपाटात, झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. पुड्या दर पावसाळ्यानंतर बदला. खालीच ठेवणं भाग असेल तर डबा असा हवा की पुराची सूचना आली की एका हाताने उचलून नेता येईल.

फाइली

व्हॉट्सॲपवर आलेला व्हिडिओ ही प्रत नव्हे. तो दाबून लहान केलेला असतो आणि फोटोतली मूळ वेळही पुसली जाते. मित्रांकडून फाइल घेताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, किंवा सरळ केबलने घ्या. नाव तारखेने सुरू करा, वर्ष आधी: '२०१९-१२-१५ यूटू नेरूळ ०७'. असं केलं की यादी आपोआप क्रमाने लागते. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक दुसऱ्या घरात. पुरामुळे ही शेवटची अट इथे सोडू नका. वहीची पानंही स्कॅन करून त्याच फोल्डरमध्ये घाला.

मोठ्यांच्या आठवणी

घरात किंवा गल्लीत कुणी मामा, काका, दादा जुने शो बघून आलेले असतात आणि त्यांच्याकडे एक फोटोही नसतो. त्यांना विचारायची पद्धत वेगळी आहे. 'काका, शो कसा होता?' असं विचारलं की 'भारी होता' यापलीकडे काही मिळत नाही. प्रवासापासून सुरू करा: 'काका, कशाने गेला होता? तिकिटाचे पैसे कुणाकडून घेतले? घरी काय सांगून निघाला? परत आलात तेव्हा कारखान्याचा हंगाम चालू होता का?' प्रवास आठवला की त्याला धरून मैदान आठवतं, मैदानाला धरून गाणी. जुनी कॅसेट हातात द्या. गाणं लगेच लावू नका, आधी त्यांना बोलू द्या. तोंडात नाव घालू नका; 'तेव्हा अमुक गाणं वाजवलं असेल ना?' म्हटलं की 'हो हो' येतंच.

तारखा ते घरातल्या गोष्टींवरून सांगतात: दहावीचं वर्ष, बहिणीचं लग्न, २००५ चा पूर. त्या तशाच लिहून घ्या आणि मग पक्क्या तारखांशी ताडून बघा. रोलिंग स्टोन्स भारतात आले एप्रिल २००३ मध्ये, आधी बंगळूर, मग मुंबई. रॉजर वॉटर्स २००२ ला बंगळूरला आणि २००७ ला मुंबईला. आयर्न मेडन पहिल्यांदा मार्च २००७ मध्ये बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर, आणि १ फेब्रुवारी २००८ ला मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात. या दोन शोंची आठवणीत हमखास सरमिसळ होते. ती सोडवायला 'मिरजेहून हुबळीच्या बाजूने गेलात की पुण्याच्या?' एवढा प्रश्न पुरतो. मेटालिकाचं असंच. ऑक्टोबर २०११ मध्ये गुडगावचा शो ऐनवेळी रद्द झाला आणि दोन दिवसांनी, ३० तारखेला, बंगळूरचा झाला. गुडगावला मेटालिका बघितली असं कुणी सांगत असेल तर खोटं पाडायला जाऊ नका. मैदानावर जाऊन परत आलेल्यांची आठवणही नोंदवण्यासारखी आहे, फक्त 'शो झाला नाही' हे शेजारी लिहा. कोल्डप्लेचं नोव्हेंबर २०१६ चं वांद्रे-कुर्ला आणि जानेवारी २०२५ चं नेरूळ हेही आत्ताच मिसळायला लागलंय.

मुंबईतल्या रंगभवनमधल्या इंडिपेंडन्स रॉकला गेलेले कुणी भेटले तर सगळी कामं सोडून आधी त्यांचं रेकॉर्डिंग करा. तो महोत्सव १९८६ ला सुरू झाला, म्हणजे पहिल्या वर्षांचे प्रेक्षक आता साठीच्या आसपास आहेत. त्या उघड्या नाट्यगृहातले शो नंतर बंद पडले, त्यामुळे तिथली पायरी, तिथला आवाज पुन्हा जाऊन तपासता येणार नाही.

बोलणं फोनवर रेकॉर्ड करताना फोन टेबलावर नको, घडी घातलेल्या टॉवेलवर, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवा. टेबलावर कप ठेवला तरी ठोका येतो. पंखा बंद करा. सुरुवातीला तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचं नाव मोठ्याने म्हणा, आणि रेकॉर्डिंग कुणाकुणाला ऐकवायचं हे त्यांना विचारून तेही त्यातच घ्या. एका बैठकीला चाळीस मिनिटं पुरे. आठवड्याने पुन्हा जा आणि पहिल्या वेळी जे सांगितलं ते न वाचून दाखवता तोच प्रश्न विचारा. दुसऱ्या वेळी नवीन येतं ते वेगळ्या पानावर, नव्या तारखेने लिहा. पहिल्या पानावर काही बदलू नका.